हौदात किती लिटर बसतंय? घनफूट, लिटर, ब्रास, टीएमसी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमचं पाण्याच्या टाक्या, पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक टाकी एकदाच घेतं, पण हिशेब विचारायला चार वेळा येतं. तेच ते प्रश्न असतात म्हणून इथे लिहून ठेवले. आकडे दुकानात पुरतील इतपत पूर्ण केले आहेत. अगदी काटेकोर हवे असतील तर दशांश वाढवा, रीत तीच राहते.

घनफुटाचे लिटर कसे करायचे?

२८.३२ ने गुणायचं. एका घनफुटात २८.३२ लिटर (नेमके २८.३१६८). मीटरमध्ये माप असेल तर काम आणखी सोपं. लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये गुणली की घनमीटर येतात, आणि एक घनमीटर म्हणजे बरोबर १,००० लिटर. सेंटिमीटरमध्ये गुणलं असेल तर उत्तराला १,००० ने भागा, लिटर मिळतील. इंचात मोजलं असेल तर १,७२८ ने भागून आधी घनफूट करा, मग २८.३२.

मोबाइल जवळ नसेल तर घनफुटाला २८ ने गुणून थांबलात तरी चूक सव्वा टक्क्याच्या आत राहते. हौदाला तेवढी चालते. दुधाला नाही चालणार.

एक मीटर म्हणजे ३.२८ फूट. मग एक घनमीटर म्हणजे ३.२८ घनफूट का नाही?

कारण मीटर तिन्ही बाजूंनी आहे. लांबीला ३.२८, रुंदीला ३.२८, उंचीला ३.२८. तिन्ही गुणा, साधारण ३५.३ घनफूट येतात. ही चूक शिकलेली माणसंही करतात. एकदा एक गिऱ्हाईक शेततळ्याच्या कागदाचा हिशेब घेऊन आलं होतं, त्यात घनमीटरचे घनफूट करताना ३.२८ ने गुणलेलं. तळं दहापट लहान झालेलं होतं आणि ते करणारा इंजिनीअर होता.

दादा, दहा बाय दहाच्या हौदात किती टँकर बसतील?

खोली सांगा. दर आठवड्याला निदान एक जण 'दहा बाय दहा' एवढंच सांगून आमच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. दहा बाय दहा ही फरशी झाली, पाणी उंचीत बसतं.

समजा खोली सहा फूट. १० × १० × ६ = ६०० घनफूट, गुणिले २८.३२, म्हणजे जवळजवळ १७,००० लिटर. पाच हजारी टँकरच्या तीन खेपा आणि चौथीतला थोडा. आता हे ६ फूट कुठून कुठपर्यंत मोजले, हा पुढचा प्रश्न.

हिशेबात ३,४०० लिटर आले, प्रत्यक्षात निम्मंही बसत नाही. असं कसं?

हे आमच्या स्वतःच्या घरी झालंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वडिलांनी अंगणात हौद बांधला तेव्हा मी बाहेरून टेप लावला: ६ फूट लांब, ५ फूट रुंद, ४ फूट उंच. १२० घनफूट, ३,३९८ लिटर. मी छाती फुगवून सांगितलं, दोन हजारांचा टँकर मागवला तरी वर दीड हजाराची जागा राहील. टँकर आला आणि सगळं पाणी खाली व्हायच्या आतच हौद भरून अंगणात वाहायला लागला. वडील काही बोलले नाहीत, नुसती टेप आणून हातात दिली.

भिंती नऊ इंची होत्या. दोन्ही बाजूंच्या मिळून दीड फूट. म्हणजे आतली लांबी ४.५, रुंदी ३.५. उंचीत तळाचं काँक्रीट आणि वरच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाखालची जागा मिळून अर्धा फूट गेला, राहिले ३.५. गुणाकार ५५.१३ घनफूट, १,५६१ लिटर. बाहेरून जेवढं दिसत होतं त्याच्या निम्म्यापेक्षा कमी.

तेव्हापासून आमचा नियम असा: टेप आतून लावायची आणि खोली ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंतच धरायची. हौद लहान असेल तितकी भिंतीची चूक मोठी दिसते, हे लक्षात ठेवा. वीस फुटी टाकीत दीड फूट गेला तर फारसं वाटत नाही.

साडेचार फूट आणि चार फूट पाच इंच सारखंच ना?

नाही. चार फूट पाच इंच म्हणजे ४.४२ फूट. फूट बारा इंचांचा असतो, दहाचा नाही. ५ इंच भागिले १२ करा, मग दशांश लिहा. नाहीतर सगळी मापं इंचात करून गुणा आणि शेवटी १,७२८ ने भागा, डोक्याला त्रास नाही.

गोल टाकीचा हिशेब लवकर कसा करायचा?

व्यास फुटात घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले उंची गुणिले २२.२४, लिटर तयार. हा २२.२४ कुठून आला? वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या ०.७८५४ पट असतं, त्याला २८.३२ ने गुणलं की २२.२४ होतात. आमच्या काउंटरच्या काचेखाली हा एकच आकडा मार्करने लिहून ठेवलाय.

उदाहरण बघा: व्यास ३ फूट, उंची ५ फूट. ३ × ३ × ५ × २२.२४ = १,००१ लिटर. म्हणजे एक हजाराची उभट टाकी.

व्यास मोजता येत नसेल, कारण टाकी गच्चीत कोपऱ्याला लागून आहे, तर तिच्याभोवती दोरी गुंडाळा, दोरी टेपवर मोजा आणि ३.१४ ने भागा.

आणि गच्चीवर टाकी चढवायच्या आधी एक गोष्ट. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन हजारांची टाकी भरली की दोन टन बोजा एका जागी बसतो. कॉलमच्या, बीमच्या वर ठेवा, नुसत्या स्लॅबच्या मधोमध नको. हे गणित नाही, पण गणितातूनच निघतं.

बोअरमध्ये दोनशे फूट पाणी आहे म्हणतात. ते किती लिटर?

साडेसहा इंची बोअरला एका फुटाला साडेसहा लिटर. योगायोगाने आकडा तसाच जुळतो, त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही. दोनशे फूट पाणी उभं असेल तर १,३०० लिटर, म्हणजे सव्वा टाकी. ऐकायला दोनशे फूट मोठं वाटतं. बोअरचं खरं पाणी उभ्या पाण्यात नसतं, आवकेत असतं.

कुठल्याही पाइपासाठी: इंचातल्या व्यासाचा वर्ग भागिले ६.४८, म्हणजे फुटाला किती लिटर. तीन इंची पाइपलाइनला ९ भागिले ६.४८, साधारण १.३९ लिटर. हजार फूट लाइन रिकामी असेल तर ती भरायलाच १,३९० लिटर लागतात. मोटर सेकंदाला पाच लिटर देत असेल तर साडेचार मिनिटं वावरात थेंब येत नाही. पहिल्यांदा लाइन टाकणारे या वेळेत घाबरून फोन करतात.

(मोटर किती देते ते बघायचं असेल तर २०० लिटरचं बॅरल आणि घड्याळ. ४० सेकंदात भरलं तर सेकंदाला ५ लिटर. कंपनीच्या पत्र्यावरच्या आकड्यापेक्षा हा जास्त खरा.)

विहिरीत किती पाणी आहे ते कसं काढू?

जुनी माणसं विहिरीची खोली परसात सांगतात, आणि परस म्हणजे माणसाची उंची, त्यामुळे ज्याचा त्याचा वेगळा. पाच परस म्हणजे किती, यावर भाऊबंदकीत वाद होऊ शकतो. दोरीला दगड बांधून सोडा, ओली झालेली दोरी मोजा.

व्यास २० फूट, पाणी १५ फूट असेल तर २० × २० × १५ × २२.२४, म्हणजे १,३३,४४० लिटर. याच विहिरीत एका फुटात जवळजवळ ८,९०० लिटर. हा फुटाचा आकडा पाठ करा, तो रोज उपयोगी पडतो. मोटर तासभर चालवली आणि पाणी दोन फूट खाली गेलं तर १७,८०० लिटर विहिरीतून कमी झालं. मोटर त्याहून जास्त उपसत असेल तर फरकाएवढी झऱ्याची आवक. मोटर बंद करून दोन तासांत किती इंच चढलं ते बघा, तेवढ्यात विहीर किती जोमाची आहे ते कळतं.

खाली विहीर निमुळती होत असेल, दगड सुटलेला असेल, तर आकडा थोडा कमी धरा. पायऱ्यांची विहीर असेल तर आणखी कमी.

टँकरमध्ये काठी घातली, एक फूट पाणी निघालं. टँकर चार फुटी. म्हणजे पाव टँकर ना?

नाही, आणि इथेच भांडणं होतात. आडव्या गोल टाकीत तळाशी जागा अरुंद असते. व्यासाच्या पाव उंचीवर पाणी असेल तर ते एकूण पाण्याच्या १९.५५ टक्के असतं, २५ नाही. १० टक्के उंचीला फक्त ५.२ टक्के. २० टक्के उंचीला १४.२, ३० ला २५.२, ४० ला ३७.४. निम्म्या उंचीला मात्र बरोबर निम्मं, आणि त्यावर उलट हिशेब: तीन चतुर्थांश उंचीला ८०.४५ टक्के.

व्यास ४ फूट आणि लांबी १४ फूट असलेला टँकर ४,९८० लिटरचा, म्हणजे पाच हजारीच. त्यात काठीवर एक फूट म्हणजे ९७५ लिटर. गिऱ्हाईक म्हणतं, मी १,२५० चे पैसे दिले. टँकरवाला म्हणतो, काठी बघा की. दोघंही आपल्या जागी खरे. एकच उपाय, काठीवर आधीच खुणा करून घ्यायच्या. टँकर सपाटीवर उभा करून बॅरलाबॅरलाने पाणी घालायचं आणि प्रत्येक वेळी काठी बुडवून ओली रेघ खिळ्याने कोरायची. एक दुपार जाते, पण मग हुज्जत कायमची मिटते. अर्थात टँकर चढावर उभा असेल तर कुठलीही काठी खोटी.

शेततळं ३० बाय ३० बाय ३ मीटर. म्हणजे २७ लाख लिटर?

कागदावर. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तीत सगळ्यात मोठं तळं याच मापाचं होतं, त्यामुळे हा प्रश्न तासगाव, कवठे महांकाळ, जत, आटपाडी सगळीकडून येतो.

तळ्याच्या भिंती उभ्या नसतात, उतरत्या असतात. उतार एकाला दीड धरला तर तीन मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू साडेचार मीटर आत येते. वर ३० बाय ३०, तळ फक्त २१ बाय २१. आता वरचं क्षेत्र ९००, तळाचं ४४१, आणि मधला आकडा ३० × २१ = ६३०. तिन्हींची बेरीज १,९७१, गुणिले खोली ३, भागिले ३. म्हणजे १,९७१ घनमीटर, १९ लाख ७१ हजार लिटर. सात लाख लिटर उतारानेच खाल्ले.

आणि तळं काठोकाठ भरायचं नसतं. वर अर्धा मीटर मोकळा ठेवलात तर पाणी अडीच मीटर. पाण्याची वरची बाजू २८.५ मीटर. ८१२.२५ + ४४१ + ५९८.५ = १,८५१.७५, गुणिले २.५, भागिले ३, १,५४३ घनमीटर. म्हणजे सव्वापंधरा-साडेपंधरा लाख लिटर. सत्तावीस लाखांच्या आशेवर दोन एकर द्राक्षबाग ठरवणाऱ्याने हे आधी करून बघावं. उन्हाळ्यात वाफ होऊन जातं ते वेगळंच.

कल्पना यावी म्हणून सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची 'जलदूत' रेल्वे सुरू झाली. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी जायला लागली, २५ लाख लिटर, म्हणजे २,५०० घनमीटर. तुमचं नीट भरलेलं तळं त्या लांबलचक गाडीच्या तीस वाघिणींएवढं.

गुऱ्हाळाच्या काहिलीत किंवा बादलीत किती बसतं? वर रुंद, खाली अरुंद आहे.

शेततळ्याचीच रीत, फक्त गोलात. वरचा व्यास × वरचा, वरचा × खालचा, खालचा × खालचा, तिन्हींची बेरीज, गुणिले उंची, गुणिले ७.४१. सगळं फुटात, उत्तर लिटरमध्ये. (७.४१ म्हणजे २२.२४ चा तिसरा हिस्सा.) काहील वर ७ फूट, तळाला ६, खोल दीड फूट: ४९ + ४२ + ३६ = १२७, × १.५ × ७.४१ = साधारण १,४१० लिटर. एवढा रस कुणी घालत नाही, उकळी फुटली की काठावरून बाहेर येईल.

ब्रास म्हणजे नक्की काय?

वाळू, खडी, मुरुमाला १०० घनफूट. खोदाई, दगडी बांधकाम, तिथेही १०० घनफूट. फरशी, गिलावा, रंग अशा कामात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, तिथे खोली येतच नाही. ठेकेदार नुसतं 'ब्रास' म्हणाला की आधी विचारा कुठला.

वाळूचा ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. ट्रॉली आतून १० फूट लांब, ५ रुंद, २ उंच असेल तर बरोबर एक ब्रास. हौदा मोजायचा तो वाळू खाली करायच्या आत, फळीने वरून सपाट करून. ढीग झाल्यावर मोजायला गेलात तर कुणालाच खरं सापडत नाही. आमच्या घराच्या वेळी ट्रॉली वरून शिगोशीग दिसत होती, खाली केल्यावर ढीग लहानच वाटला. टेप लावली तर हौद्याची खोली दीड फूट निघाली. वरची पाऊण फूट शीग मधोमध होती, कडेला नव्हती.

दुसरी गोम ओलाव्याची. किंचित ओली वाळू फुगते, कणांमध्ये पाण्याचा पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांपासून लांब राहतात. पाच-सहा टक्के ओलाव्याला आकारमान वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढलेलं दिसू शकतं. पूर्ण भिजली की पुन्हा खाली बसते. म्हणजे ओलसर वाळूचा ब्रास घेतला तर पैसे हवेचेही जातात. मिस्त्री घमेल्याने माप घेतात तेव्हा हीच भानगड काँक्रीटमध्ये येते. सिमेंटची ५० किलोची पिशवी मात्र ठरलेली, सव्वा घनफुटाच्या आसपास, ३५ लिटरला जरा कमी.

तेलाचा १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा एकच का?

अजिबात नाही. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर सुमारे ९१० ग्रॅम. पिशवीवर बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतंच. १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर तेल, १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम. दोन डब्यांत सव्वा किलोपेक्षा जास्त फरक, भाव विचारताना एकक विचारा.

दुधाचं उलटं. दूध पाण्यापेक्षा जड, लिटरला सुमारे १.०३ किलो. काट्यावर १०० किलो भरलं तर ते ९७ लिटर. संकलन केंद्रावर वजनाने घेतात की मापाने, आणि पावतीवर कुठलं लिहितात, हे ज्याच्या गोठ्यात म्हशी आहेत त्याने एकदा तरी बघून ठेवावं.

सीसी आणि मिली यांत फरक काय?

काही नाही. एक सीसी म्हणजे एक घनसेंटिमीटर, म्हणजेच एक मिलिलिटर. शंभर सीसीच्या मोटरसायकलच्या सिलिंडरमध्ये पिस्टन एका फेरीत शंभर मिलिलिटर जागा रिकामी करतो.

फवारणीत पीपीएम सांगतात, ते कसं घालायचं?

एक पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम. द्राक्षाला जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) १० पीपीएम सांगितलं असेल तर शंभर लिटरला एक ग्रॅम, सहाशे लिटरच्या ब्लोअरला (फवारणीच्या यंत्राला) सहा ग्रॅम. पुडीवर शुद्धतेची टक्केवारी असते, ९० टक्के असेल तर सहा भागिले ०.९, म्हणजे ६.६७ ग्रॅम. लिटरला दोन मिली सांगितलेलं औषध असेल तर सहाशेला १,२०० मिली. टाकी खरंच सहाशेची आहे का, हे मात्र आधी बॅरलने भरून बघा. आम्ही बघितलेल्या दोन टाक्या साडेपाचशेत वाहायला लागल्या होत्या, म्हणजे डोस वाढलेला.

गॅलन कुठला धरायचा?

अमेरिकन ३.७८५ लिटर, ब्रिटिश ४.५४६. पंपाच्या जुन्या कागदात ब्रिटिश, बाहेरून आलेल्या फिल्टरवर बहुधा अमेरिकन. लिहिलेलं नसेल तर विकणाऱ्याला विचारा.

पाण्याच्या बिलातलं युनिट?

एक युनिट म्हणजे एक घनमीटर, हजार लिटर. मीटरचे काळे आकडे घनमीटर, लाल आकडे त्याखालचे लिटर. रात्री नळ सगळे बंद करून लाल चाक फिरतंय का बघा. फिरत असेल तर कुठेतरी गळतंय.

पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात. त्याचे लिटर होतात का?

छान होतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. एका गुंठ्यावर (१,०८९ चौरस फूट) १०१ लिटर, एकरावर ४,०४७ लिटर. 'गुंठ्याला मिलिमीटरला शंभर लिटर' एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. एकरभर रानात २५ मिलिमीटर पडला तर एक लाख लिटर, म्हणजे पाच हजारी टँकरच्या वीस खेपा आभाळातून फुकट.

छतावर हजार चौरस फुटांचा स्लॅब ९२.९ चौरस मीटर. दहा मिलिमीटर पावसात ९२९ लिटर, त्यातले सगळे पन्हाळीतून येत नाहीत, सातशे-आठशे धरा. शिराळ्याकडच्या माणसाने आणि जतच्या माणसाने एकाच मापाची टाकी घ्यायचं कारण नाही. जतला पाऊस कमी आणि खंड मोठा, त्यामुळे तिथे उलट मोठी टाकी लागते. हे आमच्या गिऱ्हाइकांना पटवायला आम्हाला दरवेळी वेळ लागतो.

टीएमसी म्हणजे किती? आणि क्यूसेक?

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये २,८३२ कोटी. घनमीटरमध्ये २ कोटी ८३ लाख. वाळूच्या भाषेत सांगायचं तर बरोबर एक कोटी ब्रास. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. आणि जलदूतच्या २५ लाख लिटरच्या गाड्यांनी एक टीएमसी पाणी न्यायचं ठरवलं तर ११,३०० पेक्षा जास्त खेपा कराव्या लागतील.

क्यूसेक वेगळं. ते पाण्याचं माप नाही, वेगाचं आहे. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३२ लिटर. 'कोयनेतून ५० हजार क्यूसेक पाणी सोडलं' हे वाक्य किती वेळ सोडलं ते सांगितल्याशिवाय अर्धंच राहतं. दिवसभर तसंच सोडलं तर ५०,००० × ८६,४०० सेकंद, म्हणजे ४.३२ टीएमसी. लक्षात ठेवायला: ११,५७४ क्यूसेक चोवीस तास चाललं की एक टीएमसी.

आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळचं 'चाळीस फूट, पंचेचाळीस फूट' हे तिसरंच. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, पण त्या फुटांवरून टीएमसी काढता येत नाही. नदी हौदासारखी चौकोनी नाही. पात्रात एक फूट चढायला लागतं त्यापेक्षा काठ ओलांडल्यावर एक फूट चढायला कितीतरी जास्त पाणी लागतं, कारण तोवर ते रानात, गल्लीत, घरात पसरलेलं असतं. पावसाळ्यात हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि हे उत्तर कुणालाच आवडत नाही.

पुरात रिकामी टाकी का तरंगते?

२०१९ ला दुकानात पाणी शिरलं तेव्हा हजाराच्या अकरा टाक्या मांडलेल्या होत्या. सकाळी बघितलं तर सात गल्लीत, एक समोरच्या जिन्यात अडकलेली. टाकीचा तळ साडेतीन फुटी, म्हणजे एका इंचात २३ लिटर जागा. टाकीचं वजन तीस किलोच्या आसपास. म्हणजे दीड इंच पाण्यातच ती जमीन सोडते. बाकीच्या तीन टाक्यांत आम्ही संध्याकाळी नळी लावून पाणी भरलं होतं, त्या जागच्या हलल्या नाहीत. हजाराची रिकामी टाकी पूर्ण बुडवायची म्हटलं तर वरून टनभर जोर लागेल, तेवढाच जोर तिला खालून वर ढकलतो. जमिनीत पुरलेल्या प्लास्टिकच्या टाक्याही पुरात याच कारणाने फरशी फोडून वर येतात. पूर येणार म्हटलं की टाकी भरून ठेवा, रिकामी करू नका.

घरात जुनं मापटं आहे. त्याचे किती मिली होतात?

दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. इतकं सगळीकडे सारखं, पण शेर स्वतः गावागावात वेगळा होता. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, ती बाजारात रुळायला पुढची काही वर्षं गेली, आणि धान्याच्या कणगीजवळ मापटं त्यानंतरही राहिलं.

वेडंवाकडं भांडं मोजायची रीत सोपी. काट्यावर रिकामं ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. धान्य मात्र शीग लावून घ्यायचे की रेघ मारून, ते बायकांना विचारा. आमच्या आजीचं मापटं असंच तोललं, ५६० ग्रॅम निघालं. शेजारच्या काकूंचं आणून तोललं तर ६१०. दोघींनी एकाच आठवड्यात, एकाच बाजारातल्या तांबटाकडून घेतली होती. आजी म्हणाली, "म्हणूनच ती उसनं नेताना स्वतःचं मापटं आणायची आणि परत देताना माझं मागायची."